खिडकीवाल्याची साक्ष

“काही म्हणा, गोपाळराव अभिनय करताहेत असं वाटलंच नाही,” माधवराव म्हणाले आणि त्यांनी उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. खोलीभर हशा पिकला. मीही हसलो. हसणं भागच होतं, कारण ते कौतुक होतं. त्यांच्या खोलीत, त्यांच्या सतरंजीवर बसून त्यांचाच टीव्ही फुकटात पाहणाऱ्या शेजाऱ्याला ते दुसरं काय म्हणणार? पण ते शब्द कानावर पडले आणि माझा तोल गेल्यासारखं झालं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. शैला बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. माझी बायको या वाक्यावर हसली की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. पण मान वळवायचं धाडस झालं नाही. मी पडद्यावरच्या निवेदिकेकडे मोठ्या आस्थेने बघत राहिलो.

लोणावळ्यातल्या आमच्या चाळीत टीव्ही एकच, तो माधवरावांचा. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले माधवराव टीव्ही घेतल्यापासून पुन्हा हेडमास्तर झाले होते. कोणी कुठे बसायचं ते ठरवायचे, मधे कोणी खोकलं तर चष्म्यावरून बघायचे, आणि कार्यक्रम संपला की एकेकाला उभं करावं तसं मत विचारायचे. मत दिल्याशिवाय उठायचं नाही, असा रिवाजच पडला होता. रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या आधी ‘गरुडछाया’ ही मालिका लागायची. शहरात गुन्हे होतात, पोलीस हात टेकतात, आणि मग काळा डगला आणि चोचीचा मुखवटा घातलेला हा गरुडछाया कुठल्यातरी खिडकीतून आत उडी घेतो, की गुंड आडवे. हा माणूस मुळात कोण, त्याने डगला का घातला, हे इतके दिवस गुपित ठेवलं होतं. त्या रविवारच्या भागात ते फोडलं. गरुडछाया लहान असताना त्याचा बाप गोदामात कारकून असतो. चोरट्या मालाच्या कागदावर सही करायला तो नकार देतो, म्हणून गुंड त्याला राहत्या गल्लीत भोसकतात. पोरगा शेजाऱ्याच्या खिडकीखाली येऊन ओरडतो, “काका, बाबांना बघा ना, काका!” खिडकी उघडते. शेजारी खाली बघतो, पोराकडे बघतो, आणि खिडकी लावून घेतो. त्या लागलेल्या खिडकीकडे बघत पोरगा ठरवतो, की आपण मोठेपणी कोण व्हायचं. तो शेजारी म्हणजे मी. तसं पाहिलं तर गरुडछाया माझ्यामुळे जन्माला आला. पण हे मत कोणी दिलं नाही.

इतर मतांचा मात्र पाऊस पडला. माधवरावांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या, “मला तर भावोजी, तुमचा असा काही संताप आला, वाटलं उठून एक ठेवून द्यावी.” वरच्या मजल्यावरच्या पोस्टातल्या गृहस्थांना मारेकरी नाटकी वाटले होते, चाकू असा कोणी धरतं का, असं म्हणून त्यांनी पंच्याच्या टोकाने तो धरून दाखवला. बाप मरताना भाषण करतो, तेही त्यांना पसंत नव्हतं. “पण खिडकी!” ते म्हणाले. “खिडकी एकदम अस्सल. ते तुम्ही लगेच लावत नाही, जरा थांबता, म्हणजे आपल्याला कोणी बघतंय का हे बघता, आणि मग लावता. हे कुठून आणलंत हो?” मी म्हणालो, “आपलं असंच.” त्यावर कोणीतरी म्हणालं, “आणायला कशाला पाहिजे, पार्सल फुटलंय म्हणून तक्रार घेऊन स्टेशनावर यांच्या पार्सल ऑफिसात गेलं की हे असेच बघतात.” पुन्हा हशा. शेवटी माधवरावांनी शैलाला विचारलं, “वहिनी, तुमचं मत राहिलं.” शैला म्हणाली, “चांगलं झालं की.” एवढंच. घरी आल्यावर मी तिला पुन्हा विचारलं. ती गादीवरची चादर झटकत म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं.” तिला पुष्कळ कळतं. तळेगावच्या माहेरी असताना तिने माझी सगळी नाटकं बघितली होती; लग्न त्यावरूनच जमलं. तेव्हा माझी कामं मुनीम, पोस्टमन, नायकाचा मामा अशी असायची, आणि ती म्हणायची, की तुम्हाला अजून तुमची भूमिका मिळालेली नाही. आता ती मिळाली होती, आणि तिला काही कळत नव्हतं.

मी काही खिडकीसाठी गेलो नव्हतो. मुंबईची मंडळी लोणावळ्यात एका बंगल्यावर उतरली होती आणि छोट्या कामांसाठी इथलीच माणसं बघताहेत, असं कळलं, तेव्हा मी रजा टाकून, दाढी करून, लग्नातला कोट घालून गेलो, ते बापाच्या कामासाठी. त्या कामाचा ठरलेला नट आजारी पडला होता. बापाचं भाषण त्यांच्यातल्याच एकाने मला आधीच लिहून दिलं होतं; ते मी पार्सल ऑफिसात, अंघोळीत, बाजारात मेथी निवडून घेताना, सगळीकडे म्हटलं होतं. ‘माझी सही विकत मिळत नाही.’ असं एक वाक्य होतं त्यात. ते म्हणताना माझा आवाज खरोखरच भरून यायचा. दिग्दर्शक तरुण होता, माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान. त्याने माझं भाषण अर्ध्यावर थांबवलं, सिगारेट पेटवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग बाजूच्या माणसाला म्हणाला, “हे खिडकीत.” मी म्हणालो, की मला बापाचं काम पाठ आहे. तो म्हणाला, “ते दिसतंय.” चित्रण झालं तेव्हा पहिल्या खेपेला मी तोंडावर घालमेल आणली, ओठ हलवले, हात कापरा केला. तो वैतागला. “काही करू नका,” तो म्हणाला. “अहो, तुम्ही काही करू नका. नुसतं बघा आणि लावून घ्या.” पुढच्या खेपेला मी काही केलं नाही, आणि सगळे खूश झाले. हे मी घरी सांगितलं नाही. मी सांगितलं, की बापाचं काम त्यांनी आधीच कोणाला तरी कबूल केलं होतं.

हे सगळं एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. हौशी माणसाचं एक छोटं काम, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. पण मधे कान्हू होता. भाजे गावाच्या वर डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथली सारजाबाई मला दरवर्षी घरचा आंबेमोहर द्यायची. कान्हू तिचा थोरला मुलगा. दिवाळीनंतर मी तांदूळ घ्यायला गेलो होतो आणि पिशवी खांद्यावर टाकून मळवली स्टेशनाकडे परत येत होतो. माझ्यापुढे थोड्या अंतरावर कान्हू डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालला होता, रस्त्याच्या अगदी कडेने, जवळजवळ बांधावरून. मागून तिथेच जवळ बंगला असलेल्या एका कारखानदार शेठची गाडी आली. शेठ स्वतः चालवत होता, ड्रायव्हर शेजारी बसला होता. माझ्या अंगावर धूळ उडाली म्हणून मी शिवी द्यायला तोंड उघडलं, तोवर गवत सगळ्या रस्त्यावर पसरलं होतं. गाडी थांबली. शेठ खाली उतरला नाही. त्याने आणि ड्रायव्हरने आतल्या आत जागा बदलल्या आणि मग ड्रायव्हर उतरला. कान्हू तळेगावच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. पुढे कागदावर आलं ते असं, की ड्रायव्हर गाडी चालवत होता, आणि कान्हू दारूच्या नशेत रस्त्याच्या मधोमध आला. कान्हूच्या नशेचे साक्षीदार शेठने दोन उभे केले. कान्हू शुद्धीत होता, कडेने चालला होता आणि चाक शेठच्या हातात होतं, हे सांगणारा माणूस एकच होता. मी. पोलिसांपुढे मी ते सगळं सांगितलं, लिहून दिलं, खाली सही केली. सही करताना मला ते वाक्य आठवलं होतं, हे आता कबूल करायला काय हरकत आहे.

सारजाबाई त्यानंतर एकदा लोणावळ्याला आमच्या घरी आली होती. दारात बसली, आत आली नाही. म्हणाली, “आमचं ऱ्हाऊ द्या, आमाला कोन इचारतंय? तुमी शिकल्यालं, सरकारी मानूस. तुमी सांगितलं तर कोर्ट ऐकंल.” शेठचा माणूस त्यांच्याकडे रोज येत होता, धाकट्या बारकूला बंगल्यावर राखणीला घेतो, मिटवून टाका, म्हणत होता. “आमी न्हाई म्हनलं,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर न्हाई म्हनलं, भाऊ.” मी म्हणालो, की मावशी, काळजी करू नका, मी वडगावच्या कोर्टात उभा राहणार. शैला आतून ऐकत होती. सारजाबाई गेल्यावर ती म्हणाली, “तुमचं काय अडलंय?” मग म्हणाली, “कोर्टात वकील उलटं-सुलटं विचारतात. तुम्हाला घाम येतो.” मला घाम येतो, हे खरं आहे. शेठचा माणूस माझ्याकडेही एकदा येऊन गेला होता. पार्सल ऑफिसात आला, अदबीने बसला, पुण्याच्या बदलीचं कुठवर आलं, म्हणून विचारलं. शेठच्या वरपर्यंत ओळखी आहेत, एवढंच म्हणाला आणि गेला. धमकी नाही, काही नाही. मला पुण्याला बदली हवी होती हे त्याला कसं कळलं, याचा विचार करत मी दुपारभर चुकीच्या पावत्या फाडल्या.

त्या दिवसांत मी पुन्हा तालमी करत होतो. चित्रण होऊन गेलं होतं, पण भाग दाखवायचा होता, आणि कोर्टाची तारीख त्यानंतर आठवड्याने, सोमवारी पडली होती. आरशासमोर उभा राहून मी साक्ष म्हणायचो. ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.’ कुठे थांबायचं, कुठे न्यायाधीशांकडे बघायचं, वकिलाने टोकलं तर क्षणभर गप्प राहून मग आवाज न चढवता कसं उत्तर द्यायचं. बापाची भूमिका मुंबईवाल्यांनी दिली नव्हती. ती मी वडगावला करून दाखवणार होतो. आज मला हे स्वच्छ दिसतं. तेव्हाही दिसत असावं. कान्हू माझ्या मनात किती होता आणि कोर्टात उभा असलेला मी किती होतो, याचा हिशेब मी टाळत होतो. पण म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. माणूस हौसेने खरं बोलला तरी ते खरंच असतं. असं मी स्वतःला सांगायचो, आणि मला ते पटायचंही.

आणि मूर्खपणा असा, की त्या रविवारी टीव्ही बघायला सारजाबाईला मीच सांगितलं होतं. आठवडाभर आधी बारकू काही कामाने स्टेशनावर आला होता. मी त्याला म्हणालो, “रविवारी कार्ल्याला जा सगळे. हमरस्त्यावरच्या हॉटेलात टीव्ही आहे, बाहेरून दिसतो. मी दिसणार आहे त्यात.” बारकूचे डोळे मोठे झाले. “तुमी? टीवीत?” मी म्हणालो, “आईला न्या, हिरीला न्या.” हिरी म्हणजे कान्हूची बायको. आपला साक्षीदार किती मोठा माणूस आहे, हे त्यांना दिसावं, एवढाच माझा हेतू होता. त्यांनी वाडीतून कार्ल्यापर्यंत चालत जावं, हॉटेलाच्या बाहेर चिखलात उभं राहावं आणि मला बघावं. कोणती भूमिका आहे, हे सांगायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि सांगितलं नाही.

भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, स्टेशनावर पाऊल टाकलं तेव्हा हौशीराम हमाल पार्सलच्या खिडकीपाशी उभा होता. खिडकी बंद होती, मी यायचा होतो ना. तो म्हणाला, “साहेब, उगडताय का आमीच काका काका म्हनून वरडायचं?” बाकीचे हमाल हसले. हौशीराम चांगला माणूस आहे, मनात काही ठेवून बोलत नाही. त्याने मला चहा पाजला आणि सांगितलं, की त्याची बायको रात्रभर माझ्या नावाने बोटं मोडत होती. “येवडं जमाया पायजे,” तो म्हणाला. “लोकाच्या बायकांनी शिव्या घातल्या म्हंजे काम झालं.” दुपारपर्यंत माझं नाव खिडकीवाले झालं होतं. तिकीट तपासनीस, फळवाले, गार्ड, सगळे तेच. मी प्रत्येकाला सांगत होतो, की दिग्दर्शक म्हणाला तसं केलं, माझा स्वभाव तसा नाही. आणि जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा समोरच्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार भाव यायचा. लोक समजूतदार झाले की फार त्रास होतो. शिवी दिली तर उलटून देता येते.

मंगळवारी शेठचा माणूस आला. या खेपेला तो बसलाही नाही. हातातली छत्री टेबलाला टेकवत म्हणाला, “आमचे शेठही बघतात गरुडछाया. घरातले सगळे बसले होते. तुमचं काम फार आवडलं त्यांना.” मी विचारलं, “काय आवडलं?” खरं तर विचारायला नको होतं. तो म्हणाला, “शेठ म्हणाले, कारखान्यात, ऑफिसात असेच लोक हवेत. उगीच आरडाओरडा नाही. आपलं घर, आपली खिडकी.” मग जरा हसून म्हणाला, “अभिनय चांगलाच करता तुम्ही.” माझ्या कामाला अभिनय म्हणणारा तो पहिला प्रेक्षक. त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. मी त्याला म्हणालो, “सोमवारी वडगावला भेटू.” आवाज अगदी हवा तसा लागला होता, चढा नाही, कापरा नाही. तो गेल्यावर मी खुर्चीत बसलो, तर सदरा पाठीला चिकटला होता. पण बोललो होतो. मी बोललो होतो, आणि ते ऐकायला त्या माणसाशिवाय तिथे कोणी नव्हतं, याचंही वाईट वाटलं.

शैलाला सांगितलं. ती भाजी चिरत होती. “म्हणजे तुम्ही जाणार,” ती म्हणाली. मी म्हणालो, “का, तुला वाटत नाही?” ती चिरतच राहिली. मी म्हणालो, “रविवारी तू मत दिलं नाहीस. आता दे.” तिने विळी आडवी केली. “खरं सांगू?” ती म्हणाली. “मी ते बघत होते ना, तेव्हा मला तुमचा राग आला नाही. इंदिराबाईंना आला, मला नाही. मला वाटलं, बरं झालं लावली. त्या गुंडांनी ह्यांना पण मारलं असतं.” आणि ती रडायला लागली. इतक्या मतांमध्ये माझ्या बाजूने पडलेलं ते एकच मत होतं, आणि ते मला सहन झालं नाही. मी चपला घालून बाहेर पडलो आणि बाजाराच्या टोकापर्यंत उगीचच जाऊन आलो.

शुक्रवारी रजा टाकली आणि भाज्याला गेलो. जायची गरज होती असं नाही. तारखेला वडगावला भेटलोच असतो. पण त्या लोकांनी कार्ल्याला काय बघितलं आणि काय समजले, हे मला आतून कुरतडत होतं. मळवलीला उतरलो, भातखाचरांच्या बांधावरून चाललो. कान्हू पडला ती जागा वाटेतच होती. तिथे काही नव्हतं. गवत होतं, कोणाची तरी शेळी चरत होती. इथे मला खूप काही वाटायला पाहिजे, असं वाटून मी थांबलो, पण डोक्यात सारजाबाईपुढे काय बोलायचं तेच चाललं होतं. वाडीत पोचलो तर सारजाबाई ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं. “या भाऊ,” ती म्हणाली. “हिरे, च्या टाक गं. लोनावळ्याचं भाऊ आल्यात.” नेहमीसारखीच. मला हायसं वाटलं. मी बसलो आणि म्हणालो, “मावशी, सोमवारी तारीख आहे. मी सकाळच्या गाडीने वडगावला येतो. तुम्ही स्टेशनावरच थांबा, बरोबर जाऊ.”

“नगं, भाऊ,” ती म्हणाली. “मिटवलं आमी.”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. ती सांगत राहिली, खालच्या मानेने, सुपातले खडे वेचत. बारकू मंगळवारपासून बंगल्यावर राखणीला जात होता. कान्हूचा पाय घसरला, तो आपणहून गाडीखाली आला, असं आता घरची माणसंच सांगणार होती. हिरीने अंगठा दिला होता. ज्या शेठने भावाला मारलं त्याच्या फाटकावर धाकटा भाऊ काठी घेऊन बसणार होता. मी म्हणालो, “पण मावशी, मी आहे ना. मी बघितलंय सगळं.”

“बघितलंत त्ये खरं. तुमी बघताय बी नीट,” सारजाबाई म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे मारता येत नाहीत. “टीवीत बी तुमी नीट बघितलंत. पोरगं वरडत हुतं. समदं बघितलंत आन् मंग लावली.”

“अहो, ते नाटक होतं,” मी म्हणालो. “ते दुसऱ्याने लिहिलेलं असतं. मला जे करायला सांगितलं ते मी केलं.”

“व्हय की. येवडं कळतंय मला म्हातारीला. सोंगच त्ये.” तिने पहिल्यांदा वर बघितलं. “आमच्यात बी शिमग्याला सोंगं निघत्यात, भाऊ. कुनी कंचं सोंग घ्यायाचं त्ये ज्याचं त्यानं न्हाई ठरवायचं. वाडीतली जुनी मानसं ठरवत्यात. मानसाकडं बघून देत्यात. माजा कान्हू वाघ व्हायचा. बारकूनं लय हट्ट केला एका सालाला, पन त्याला न्हाई दिला. भित्र्याला वाघ दिला तर त्यो दिस गावाला बरा जात न्हाई. बारकूला माकाड देत्यात. चांगलं करतो माकाड.” तिने एक खडा अंगणात टाकला. “त्या मुंबैच्या लोकांनी बी तुमाला बघूनच दिलं आसंल न्हवं?”

शहरात असं नसतं, हे तिला समजावून सांगता आलं असतं. तिथे चेहरा बघतात, उंची बघतात, कोण स्वस्तात मिळतं ते बघतात. गाव बिघडेल म्हणून कोणी भूमिका देत नाही की काढून घेत नाही. ही तिची चूक होती, भाबडी चूक, आणि ती खोडायला मी तोंडही उघडलं. पण मला तो सिगारेट पेटवणारा पोरगा दिसला. त्याने माझ्याकडे किती थोडा वेळ बघितलं होतं. हे खिडकीत. त्याला माझी उंची दिसली होती की काय दिसलं होतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी कसाबसा म्हणालो, “मी कोर्टात खरं सांगणार होतो, मावशी.”

उत्तर आतून आलं. हिरी चहाचा पेला घेऊन दारात उभी होती. कपाळ मोकळं, चेहरा वाळलेला. ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. “आन् त्यांच्या वकिलानं डोळं वटारलं, तर?” ती म्हणाली. “तुमी घरात जाल, भाऊ. तुमाला घर हाय, लावायला दार हाय. आमी गल्लीतच ऱ्हातो.” तिने पेला माझ्यासमोर ठेवला. सारजाबाई तिला गप्प करत म्हणाली, “राग न्हाई तुमचा. तुमी चांगलं हायसा. पन शेठ जास्ती दिस थांबनार न्हवता. तुमच्या भरवशावर बसलो आस्तो आन् ऐन येळंला तुमी आसं केलं आस्तं, तर बारकूचं बी गेलं आस्तं. कार्ल्यास्नं येताना वाटंतच ठरवलं आमी.” निघताना तिने मला पायलीभर तांदूळ बांधून दिला. मी नको म्हणालो, ती ऐकेना. उगीच वाकडं वाटायला नको, म्हणाली.

परत येताना बांधावर मी मनात शेकडो उत्तरं दिली. मी रागावलो होतो. सारजाबाईवर, हिरीवर, त्या टीव्हीवर, कार्ल्याच्या हॉटेलवाल्यावर. अडाणी माणसं, मी म्हणालो. एका सोंगावरून माणूस ओळखतात. स्वतःच्या पोराचा खून एका राखणीच्या नोकरीवर विकतात आणि मला सांगतात. मग जरा पुढे गेल्यावर लक्षात आलं, की मला कोणी अडवलेलं नाही. पोलिसांकडे माझी सही आहे. त्यांनी काही सांगो, मी सोमवारी एकटा वडगावला जाऊ शकतो, उभा राहू शकतो, आणि म्हणू शकतो, की घरची माणसं दबावाखाली बोलताहेत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बापाच्या भूमिकेपेक्षाही मोठी भूमिका झाली असती ती. मी हा विचार केला, अगदी पूर्ण केला, आणि त्याच वेळी मला जाणवलं, की मी भराभर चालतोय. पाय हलके पडताहेत. खांद्यावर तांदूळ असूनही हलके. श्वास छातीच्या तळापर्यंत जात होता, कित्येक आठवड्यांत गेला नव्हता तसा. रागाच्या खाली, बराच खाली, काहीतरी सैल होऊन पसरत होतं, आणि त्याला दुसरं नाव देण्याचा मी मळवली येईपर्यंत प्रयत्न केला. स्टेशनावर आलो तोवर ते नाव मला पाठ झालं होतं. मी सुटलो होतो. सारजाबाई ‘नगं’ म्हणाली त्याच क्षणी मी सुटलो होतो. बाकी सगळं बोलणं मी सुटल्यावर बोललो होतो. गाडी येईपर्यंत बाकावर बसून मी भजी खाल्ली. गरम होती, चांगली होती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. शैला दारातच होती. माझ्याकडे बघून तिला काही कळेना. तांदूळ खाली ठेवला आणि सांगितलं, की त्यांनी मिटवलं, आता साक्षीची गरज नाही. तिचे खांदे खाली आले. तिने पाणी दिलं, पाट मांडला, आणि वाढताना माझ्या चेहऱ्याकडे फार वेळ बघत राहिली. मी मान खाली घालून बसलो. घास हातात धरून ठेवला, तोंडात घातला नाही. तिने हळूच विचारलं, “फार वाईट वाटतंय का तुम्हाला?” मी क्षणभर थांबलो. मग आवाज न चढवता म्हणालो, “हो.” शैलाचे डोळे भरून आले, आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.